रेडिएटरवरचा ३ आणि त्यामागचं राजकारण

जर्मन घरात खिडकीखाली रेडिएटर असतो आणि त्याच्या व्हॉल्व्हवर १ ते ५ आकडे. ३ म्हणजे साधारण २० अंश. एक आकडा पुढेमागे केला की चारेक अंशांचा फरक. नवखे लोक खोली झटपट तापावी म्हणून ५ वर ठेवतात. खोली तेवढ्याच वेगाने तापते, फक्त २८ अंशांपर्यंत थांबत नाही. उलट बचतीच्या नादात १ वर ठेवून खिडक्याही बंद ठेवल्या, तर कोपऱ्यात बुरशी धरते आणि तिच्यावरून घरमालकाशी वाद होतो. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, हा इथला धर्मच.

इथली जवळपास निम्मी घरं गॅसवर तापतात. २०२१ मध्ये आयात गॅसपैकी निम्म्याहून अधिक रशियाचा होता. याचं खापर समुद्राखालून रशियाहून थेट जर्मनीत येणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम पाइपलाइनवर एकट्यावर फोडतात, पण मूळ १९७० च्या करारात आहे. पश्चिम जर्मनीने मोठ्या व्यासाचे पाइप द्यायचे, जर्मन बँकांनी कर्ज द्यायचं आणि सोव्हिएत संघाने गॅस देऊन ते फेडायचं. १९७३ मध्ये गॅस आला आणि शीतयुद्धभर येत राहिला. ‘रशियन काहीही करतील, पण गॅस तोडणार नाहीत’ हा विश्वास त्यातून आला. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ मध्ये रशियाने गॅस तोडलाच, त्यामुळे भाबडेपणा म्हणून त्याची थट्टा करणं आता सोपं आहे.

अमेरिकेने तेव्हापासूनच विरोध केला. १९८२ मध्ये रेगन यांनी सायबेरियाच्या पाइपलाइनच्या सामानावर निर्बंध घातले. युरोपने जुमानलं नाही आणि नोव्हेंबरात ते मागे घ्यावे लागले. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी जर्मनीला रशियाचा कैदी म्हटलं, तेव्हा अनेक जर्मनांना त्यात आपला द्रवरूप गॅस खपवू पाहणारा विक्रेता दिसला. विक्रेता होताच, आणि इशाराही खरा होता. त्यातच २०१३ चा, तेव्हाच्या चान्सलर मेर्केल यांच्या फोनवर अमेरिकी हेरांनी पाळत ठेवल्याचा राग बऱ्याच जणांच्या मनात होता.

पूर्वीच्या कम्युनिस्ट पूर्व जर्मनीचं गणित वेगळं. तिथल्या शाळांत रशियन सक्तीची होती आणि श्वेट गावची तेल रिफायनरी द्रुझ्बा पाइपलाइनच्या रशियन तेलावर उभी राहिली. निर्बंध म्हटलं की तिथे आधी नोकरीचा विचार येतो. पश्चिम बर्लिनमधल्या म्हाताऱ्यांना मात्र १९४८-४९ च्या सोव्हिएत नाकेबंदीत धान्य-कोळसा आणणारी अमेरिकी विमानं आठवतात. ‘जर्मनांना काय वाटतं’ याचं एकच उत्तर कोणी दिलं, तर समजावं की तो एकाच भागात राहिलाय.

नेमकं चुकलं कुठे? गॅस उन्हाळ्यात जमिनीखाली साठवतात आणि हिवाळ्यात काढतात. देशातला सर्वांत मोठा साठा रेडेनला, आणि तो तेव्हा गाझप्रोम या रशियाच्या सरकारी गॅस कंपनीच्या ताब्यात होता. २०२१ च्या उन्हाळ्यात तो भरलाच नाही, आणि भरायची सक्ती करणारा कायदाही नव्हता. तो २०२२ मध्ये आला. पाइपचा गॅस स्वस्त म्हणून जर्मनीने किनाऱ्यावर जहाजाने येणारा द्रवरूप गॅस उतरवणारं स्वतःचं एकही टर्मिनल बांधलं नव्हतं. पहिलं विल्हेल्म्सहाफेनला डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं.

२०२३ मध्ये सरकारने दराला लगाम घातला: आधीच्या अंदाजित वापराच्या ८०% गॅसला युनिटमागे (म्हणजे किलोवॅट-तासामागे) १२ सेंट, बाकीचा ग्राहकाच्या करारातल्या पूर्ण दराने. मदतीची रक्कम आधीच ठरलेली, त्यामुळे वाचवलेलं प्रत्येक युनिट त्या पूर्ण दराने वाचत होतं. मीटर घनमीटर दाखवतो आणि बिलात आकारणी किलोवॅट-तासांची होते. एका घनमीटरला साधारण १० ते ११ किलोवॅट-तास धरावेत.

आता सर्वाधिक गॅस नॉर्वेहून पाइपने येतो, आणि जर्मन बंदरांत जहाजाने उतरणाऱ्या गॅसमध्ये अमेरिकेचा वाटा सर्वांत मोठा. ‘एकाच्या दारातून उठून दुसऱ्याच्या दारात’ ही कुरकुर इथे ऐकू येते, आणि ती अगदीच बिनबुडाची नाही.

या ओढाताणीची झळ भारतालाही बसली. ‘गेल’ या भारताच्या सरकारी गॅस कंपनीचा दीर्घ मुदतीचा करार गाझप्रोम जर्मेनिया या गाझप्रोमच्या जर्मन कंपनीच्या सिंगापूरच्या उपकंपनीशी होता. एप्रिल २०२२ मध्ये जर्मन सरकारने ही जर्मन कंपनी ताब्यात घेतली, मे महिन्यात रशियाने तिच्यावर निर्बंध घातले आणि भारताकडची जहाजं थांबली. गेलला खत कारखान्यांचा गॅस कमी करावा लागला.