पात्रांव (मालक) बदलला, पैसे कुठे गेले?

कंपनी विकली जाते तेव्हा सह्या मुंबईत होतात, पण त्याआधी कुणीतरी कारखान्यात जाऊन यंत्रं मोजावी लागतात. ते काम माझ्याकडे येतं. फोंड्याला माझं लहानसं सीए ऑफिस आहे आणि मुंबईच्या फर्मा गोव्यातली पायपीट आमच्या गळ्यात घालतात. या खेपेला कारखाना वेर्ण्यातला होता, औषधांचा. विकणारं कुटुंब भारतीय, घेणारी कंपनी युरोपातली. नावं सांगता येत नाहीत, गोपनीयतेच्या कागदावर सही केली आहे.

मोजणी दोन्ही बाजूंनी करायची असते. नोंदवहीतली वस्तू जागेवर आहे का ते बघायचं आणि जागेवर दिसणारी वस्तू नोंदवहीत आहे का तेही. दुसरी मोजणी आर्टिकलची, म्हणजे हाताखाली सीएचं काम शिकणारी, पोरं टाळतात, आणि सगळे घोळ नेमके तिथेच निघतात. औषध कारखान्यात त्यात आणखी एक भानगड. उत्पादनाच्या खोलीत शिरताना घड्याळ, पेन, साधा कागद सगळं बाहेर ठेवावं लागतं. अंगात झबलं, डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क. यादी काचेपलीकडे पोराच्या हातात आणि टॅगचा नंबर मी आतून खुणा करून दाखवायचा.

कॅप्सूल पट्टीत भरणाऱ्या ब्लिस्टर पॅकिंगच्या लाइनवर मी थांबलो. फीडरला स्टीलची एक वळणदार पन्हळ जोडलेली होती. वेल्डिंग हाताचं, पण घासून असं गुळगुळीत केलेलं की जोड बोटाला लागत नव्हता. टॅग कुठेच नाही. मेंटेनन्सचे फोरमन सोबत होते. म्हणाले, "ती आमची. कॅप्सूल अडकायच्या, पट्टीत कप्पे रिकामे जायचे. मशीनवाल्यांनी सांगितलेली पार्टची किंमत ऐकून साहेबांनी फोनच ठेवला. मग जुन्या टाकीचा पत्रा कापून बनवली." चेंज कंट्रोलची, म्हणजे यंत्रात केलेल्या बदलाच्या नोंदीची, फाइल मात्र चोख, प्रत्येक चाचणीचा कागद लावलेला. खर्च दुरुस्तीत टाकलेला, त्यामुळे मालमत्तेच्या नोंदवहीत तिची किंमत शून्य. घेणाऱ्या कंपनीचा इंजिनियर नव्या कोऱ्या यंत्रापाशी दोन मिनिटं थांबला होता. या पन्हळीपाशी तो उकिडवा बसला, टॉर्च मागवला आणि खालून वर बघत राहिला.

दुपारी कँटीनमध्ये भाजी-पाव खाताना फोरमननी विचारलं, "सीएबाब, एवढे कोटी देतायत म्हणे. त्यातले हंय किती लागतले?"

त्यातले इथे किती लागणार, याचं उत्तर मला माहीत होतं, पण सहीमुळे बोलता येत नव्हतं. व्यवहार कुटुंबाकडे आधीपासून असलेल्या जुन्या शेअरांचा होता. पैसे घेणाऱ्याच्या खात्यातून थेट कुटुंबाच्या खात्यात जाणार. कंपनीच्या बँक खात्यात आदल्या दिवशी जे होतं तेच दुसऱ्या दिवशी. भांडवली नफ्यावरचा कर, सध्या १२.५ टक्के आणि वर अधिभार, केंद्राकडे. आणि सरकारी आकड्यांत ही सगळी रक्कम परकीय गुंतवणूक म्हणून दिमाखात मिरवणार. नवा कारखाना उभा करणारा रुपया आणि जुन्याचा मालक बदलणारा रुपया एकाच बेरजेत का धरतात, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

प्रत्येक व्यवहार असाच असतो असं नाही. २०१० मध्ये पिरामलने देशांतर्गत औषधांचा धंदा अ‍ॅबटला ३.७२ अब्ज डॉलरना विकला. तिथे धंदाच विकला होता, त्यामुळे पैसा कंपनीकडे आला आणि कंपनीने तो पुढे दुसऱ्या व्यवसायांत घातला. विकणाऱ्याने त्या पैशातून दुसरं काही उभं केलं तर देशाचा फायदाच आहे. आमच्या व्यवहारातली पुढची पिढी लंडनला असते. ती कारखाना काढायला वेर्ण्याला येईल असं मला तरी दिसत नाही.

परका मालक म्हणजे वाईट, असंही मी म्हणणार नाही. गोव्यात तर ते शोभणारच नाही. लोहखनिज काढणारी सेसा गोवा १९५४ सालची, मुळात इटालियन. १९९६ मध्ये ती जपानच्या मित्सुईकडे गेली. २००७ मध्ये मित्सुईने आपला ५१ टक्के हिस्सा तेव्हा लंडनच्या बाजारात असलेल्या वेदांताला ९८.१ कोटी डॉलरना विकला. ते पैसे खाणींच्या डिचोलीला वळसाही न घालता जपानला गेले. पण ट्रकवाल्याचं पोट मालकाच्या पासपोर्टामुळे बंद पडलं नाही. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाण-लीजांचं नूतनीकरण रद्द ठरवलं, तेव्हा गोंयकार मालकांच्या खाणीही तशाच थंड पडल्या.

खाण निदान उचलून नेता येत नाही. वेर्ण्यात मला खरी भीती वाटली ती फाइलींच्या खोलीत. किमतीचा मोठा भाग यंत्रांचा नव्हताच, अमेरिकेच्या औषध परवानग्यांचा होता. परवानगी कंपनीच्या नावावर असते आणि उत्पादनाची जागा हा तिच्यातला फक्त एक तपशील. रीतसर अर्ज करून, चाचण्या देऊन ती जागा बदलता येते. चालू औषध कंपन्यांतल्या परकीय गुंतवणुकीला आपल्या धोरणात अटी आहेत: अत्यावश्यक यादीतल्या औषधांचं देशातलं उत्पादन आणि पुरवठा पाच वर्षं कमी करायचा नाही, संशोधनावरचा खर्चही नाही. चांगल्या अटी आहेत, पण देशासाठी. उत्पादन वेर्ण्यातच राहावं, असं त्यांत कुठे लिहिलेलं नाही.

अहवालात मी एक परिच्छेद घातला होता: कुठली उत्पादनं सहज हलवता येतील, कुठली इथल्या हातांवर अवलंबून आहेत, आणि त्यात त्या पन्हळीचा उल्लेख. मुंबईच्या साहेबांनी तो "कामाच्या कक्षेबाहेर" म्हणून काढला. त्यांचं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. मुंबईचे साहेब तांत्रिकदृष्ट्या नेहमीच बरोबर असतात. पन्हळ शेवटी परिशिष्टात "नोंद नसलेल्या किरकोळ वस्तू" या मथळ्याखाली गेली, दोन शिड्या आणि एका हातगाडीच्या शेजारी.

सौदा झाला, फलक बदलला. लहान पुरवठादारांची बिलं आता वेळेवर निघतात, हे फोंड्यातल्या माझ्याच एका अशिलाने सांगितलं. जुन्या मालकाकडे तो चपला झिजवायचा. ही सुधारणा खरी आहे, ती मी नाकारत नाही. सौद्यातलं इथे काही लागलं नाही; नवा मालक यापुढे इथे काही लावतो का, हे मात्र पुढच्या ताळेबंदात कळेल, "प्रगतीपथावरील भांडवली कामे" या ओळीत. तो दाखल झाला की कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून कुणालाही बघता येतो. तिथे आकडा असेल तर नवा पात्रांव राहायला आला आहे. शून्य असेल तर फोरमनना फोन करीन. एकदा जाहीर झालेल्या आकड्याला गोपनीयतेचा कागद आड येत नाही.