टेक्सन्सनी धुतलं राव!

ह्यूस्टनमध्ये राहून इतकी वर्षं अमेरिकन फुटबॉलकडे बघितलंच नाही, आपलं क्रिकेट बरं. २०२४ च्या जानेवारीत ऑफिसातल्या एकाने ओढून नेलं प्लेऑफची (म्हणजे सीझननंतरची बाद फेरी) मॅच बघायला आणि टेक्सन्सनी, म्हणजे इथल्या ह्यूस्टनच्या टीमने, क्लीव्हलंड ब्राउन्सना ४५-१४ असं लोळवलं ना, घसा बसला ओरडून. तिसऱ्या क्वार्टरला तर ब्राउन्सचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) जो फ्लॅको, त्याचे पास मधेच पकडून टेक्सन्सचे लागोपाठ दोन टचडाउन (बॉल थेट शेवटच्या रेषेपार नेणं), बिचाऱ्याचा चेहरा बघवत नव्हता!

पण मला खरा आवडला तो टेक्सन्सचा कोच, डेमिको रायन्स. मॅचभर मित्र त्याचंच सांगत होता, हा २००६ ला अलाबामा युनिव्हर्सिटीतून याच टीमकडे लाइनबॅकर (बचावातला खेळाडू) म्हणून आला, पहिल्याच सीझनला लीगचा बेस्ट डिफेन्सिव्ह रूकी, म्हणजे बचावातला सर्वोत्तम नवखा, मग २०१० ला टाचेमागची शीर फाटली, २०१२ ला टीमने सरळ फिलाडेल्फियाच्या टीमला देऊन टाकलं, तिथे २०१४ ला परत तेच दुखणं. त्यानंतर एक सीझन, आणि संपलंच की खेळणं. तर हा सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमकडे जाऊन कोचिंगमधल्या अगदी खालच्या पोस्टपासून सुरू झाला, २०२१ ला तिथल्या पूर्ण डिफेन्सचा मुख्य, आणि २०२३ ला परत इथेच हेड कोच! आदल्या सीझनला फक्त ३ मॅच जिंकलेली टीम २०२३ च्या सीझनला १०, तेही सी. जे. स्ट्राउड हा नवाकोरा क्वार्टरबॅक घेऊन. नशीब म्हणा हवं तर, मला नाही पटत.

इथलं कोणी जुनं फॅन असेल तर सांगा रे, खेळताना कसा होता हा?