सकाळी पावणेसातचा फोन

"सर, बिलं सेव्ह होईनात." क्लायंट मार्केट यार्डातला गाळेवाला, म्हणजे त्यांचा दिवस तोवर अर्धा सरलेला. घरूनच त्यांच्या लिनक्स सर्व्हरवर लॉगिन केलं. डिस्क भरली असेल म्हणून बघितलं तर ६१ टक्केच. साधी रिकामी फाइल बनवायला गेलो: 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम', म्हणजे वाचता येईल, लिहिता नाही. मग डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) नोंदी. ईएक्सटी४ची (डिस्कवर फाइली मांडणाऱ्या फाइल सिस्टिमची) एरर होतीच, पण तिच्या चार ओळी वर डिस्कची आय/ओ, म्हणजे वाचण्या-लिहिण्याची एरर. खरा चोर तो. कर्नलने शहाण्यासारखं लिहिणंच थांबवलं होतं.

गुलटेकडीला, यार्डात पोचलो तर आमचा नवा पोरगा उत्साहात, "दादा, एफएससीके मारू का?" (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड.) ओरडलोच त्याच्यावर. अरे, माउंट आहे अजून, सिस्टिमला जोडलेली आहे डिस्क! कर्नलच्या मेमरीत एक चित्र, डिस्कवर आपण दुसरंच काढणार. मग उरलंसुरलंही गेलं. (नंतर त्याला मिसळ खिलवली. मीही २०११ला हेच केलं होतं, बॅकअप नसताना.)

स्मार्टमध्ये (डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद) ४८ पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे तुकडे. सर्व्हर बंद केला, पेनड्राइव्हवरून बूट, डीडीरेस्क्यूने (बिघडलेल्या डिस्कवरून जमेल तेवढं वाचून काढणारं साधन) नव्या डिस्कवर कॉपी. साडेतीन तास नुसतं टक्के बघत बसायचं, शेजारी हमालांची आरडाओरड. दुरुस्ती चालवली ती कॉपीवर.

लॉस्ट प्लस फाउंडमध्ये (दुरुस्तीत सापडलेल्या बेवारस फाइलींचं फोल्डर) १७ फाइली निघाल्या. नावं गेलेली, नुसतं हॅशचं चिन्ह (#) आणि पुढे आयनोड नंबर, म्हणजे फाइल सिस्टिमने फाइलीला दिलेला क्रमांक. एक उघडली तर पीडीएफ: कांदा, ४० पिशव्या, गेल्या मंगळवारची.

शेठ चष्मा वर करून म्हणाले, "हीच पावती तो माणूस परवापासून मागतोय!"