काळी वडी

नेदरलँड्समध्ये ऑफिसात कुणाच्या ना कुणाच्या टेबलावर काळ्या गोळ्यांची बरणी हमखास सापडते. ड्रॉप म्हणतात या गोळ्यांना. डच माणूस वर्षाला सरासरी 2 किलो ड्रॉप फस्त करतो, आणि नवख्याने पहिली गोळी तोंडात टाकली की त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघणं हा इथला निरुपद्रवी छंद आहे. मराठी माणूस त्यांचा थोडा विरसच करतो. खोकला झाला की आजी दाढेत धरायला देते ती पिवळट काडी आठवते आणि आपण मान डोलावतो: अच्छा, ज्येष्ठमध होय!

खारट ड्रॉपची गोष्ट वेगळी. त्यात चक्क नवसागर असतो. हो, तोच, कल्हईवाला तापल्या पातेल्यात टाकायचा आणि भस्सकन पांढरा धूर उठायचा, तो. दुप्पट खारट गोळीने नाकापर्यंत झिणझिण्या येतात. तिथे मी हात टेकले.

मला आवडते ती मऊ, मैद्याची, दातांना किंचित चिकटणारी जात. फिनलंड आणि ऑस्ट्रेलियाचे लोक तिचे खरे भक्त. ती घरी करता येते, आणि ज्याने नारळाच्या वड्या थापल्या आहेत त्याला तर त्यात शिकण्यासारखं फारसं नाही. वाटीभर उसाची मळी घ्यायची. (खायची मळी इथे बाटलीत मिळते, आपल्याकडे ती साखर कारखान्यातून सहसा डिस्टिलरीच्या वाटेला लागते.) काकवी चालते, पण वडी तपकिरी होते आणि मग तिला काळी म्हणायला जीभ रेटत नाही. मळीत थोडी ब्राऊन शुगर, चिमूटभर मीठ घालून उकळी आणायची आणि पाण्यात गुठळ्या मोडून कालवलेला वाटीभर मैदा बारीक धारेने सोडायचा. इथून पुढे फक्त मनगट. पहिली काही मिनिटं पातेल्यात डांबर रटरटल्यासारखं दिसतं, कच्च्या पिठाचा वास येतो आणि हा उद्योग कशाला मांडला असं वाटतं. मग वास पालटतो, रंगाला तकाकी येते, उलथनं जड होतं आणि मिश्रण कडा सोडू लागतं. तेव्हा लोणी, ज्येष्ठमधाचा अर्क आणि ॲनिसच्या तेलाचे दोन थेंब. थेंबच! हे तेल बडीशेपेच्या भावकीतलं आणि स्वभावाने आगाऊ. बाजारच्या कित्येक काळ्या गोळ्यांत वास त्याचाच असतो, ज्येष्ठमध नावापुरता.

अर्काऐवजी घरचं चूर्ण घालू नये. धागे विरघळत नाहीत, वडी कचकचते. मुळ्या उकळून, आटवून केलेला काळा ठिसूळ अर्कच हवा. काहीजण मैदा टाळून कंडेन्स्ड मिल्क घालतात आणि गोळीबंद पाकाच्या जवळ आणतात. चांगलं लागतं, पण ते काळं कॅरमेल झालं.

इंग्लंडात यॉर्कशरच्या पाँटेफ्रॅक्ट गावात ज्येष्ठमधाची लागवड होई आणि मुळांचा अर्क औषधात जाई. 1760 साली जॉर्ज डनहिल नावाच्या तिथल्या औषधविक्याने त्यात साखर घातली नि औषधाचा खाऊ झाला, असं सांगतात. आपल्याकडे तो डनहिल जन्मला नाही. काढ्यात, पानाच्या मसाल्यात, गाणाऱ्यांच्या डबीत ज्येष्ठमध कायम आहे, मिठाईच्या दुकानात मात्र त्याला कुणी बोलावलं नाही. गूळ, खवा, बेसन असताना गरज तरी कुणाला होती म्हणा.

तरी औषधपण त्याला सोडत नाही. त्यातलं ग्लिसिरायझिन साखरेच्या साधारण 50 पट गोड. ही गोडी उशिरा येते आणि जिभेवर मुक्काम ठोकते. पोटात गेल्यावर मात्र शरीरातलं पोटॅशियम कमी करते, रक्तदाब चढवते. चाळिशी ओलांडलेल्यांनी रोज 2 औंस, म्हणजे 57 ग्रॅमच्या आसपास, असं दोन आठवडे खाल्लं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, असा अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचा, इशारा आहे. ताटभर वड्या पाडून झाल्यावर हे आठवणं बरं नव्हे, म्हणून आधीच सांगितलं.

थंड झाल्या की बोटाएवढ्या पट्ट्या कापायच्या आणि एकेक बटर पेपरमध्ये गुंडाळायची, नाहीतर रात्रीत सगळ्यांचा पुन्हा एक गोळा होतो. मग वाटप. शेजारच्या आजोबांना बीपी आहे, त्यांना एकच. ते ती दारातच संपवतात, "जरा मीठ कमी पडलं" म्हणतात आणि पुन्हा हात पुढे करतात.