तारा नसताना कृष्णविवर

आमच्या विज्ञानाच्या सरांना आकडेमोड केल्याशिवाय चैन पडत नसे. मुक्तिवेगाचं, म्हणजे एखाद्या गोलाच्या ओढीतून कायमचं सुटायला लागणाऱ्या वेगाचं, सूत्र शिकवून झालं, तसा त्यांनी त्यात वेगाच्या जागी सरळ प्रकाशाचा वेग घातला आणि म्हणाले, "हं, आता त्रिज्या काढा. एवढ्यात दाबलं की प्रकाशही सुटत नाही, झालं कृष्णविवर!" सूर्याची आली ३ किलोमीटर, पृथ्वीची जेमतेम ९ मिलिमीटर! वर्गात हशा पिकला. (न्यूटनच्या सूत्रानं इथं बरोबर उत्तर येतं हा निव्वळ योगायोग, खरा हिशेब आइन्स्टाइनचा, हेही त्यांनी तेव्हाच बजावलं.) मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "पण सर, पृथ्वीला एवढं दाबणार कोण?" सर म्हणाले, "मला नाही ठाऊक. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा."

पुढे भौतिकशास्त्रच घेतलं, तेव्हा कळलं की झेल्डोविच आणि नोविकोव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये आणि स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये याच्याच आसपासचा विचार केला होता. दाबायला कुणी लागतच नाही. विश्व अगदी कोवळं असताना सगळंच इतकं दाटलेलं होतं, की एखाद्या जागी थोडं जास्त साचलं तरी ते स्वतःच्याच वजनानं कोसळावं.

पण असं साचणार कशामुळे? १९८१ मध्ये ॲलन गुथ यांनी मांडलेली स्फीतीची कल्पना इथं कामी येते. सेकंदाच्या कल्पनेपलीकडच्या अंशात अवकाश वाढत्या वेगानं ताणलं गेलं, निदान एकावर सव्वीस शून्यं इतक्या पटींनी. त्याबरोबर पुंजपातळीवरच्या (क्वांटम) बारीक लहरीही, म्हणजे घनतेतले चढउतार, ताणल्या गेल्या. यातल्या बहुतेक फारच क्षीण, लाखात एक भागाच्या; पुढे दीर्घिका झाल्या त्या त्यांच्यातूनच. कृष्णविवराला एवढ्यानं भागत नाही. कोसळण्याला विरोध करणारा प्रारणाचा (प्रकाशाचा) दाब मोडून काढायचा, तर लहर हजारो पटींनी मोठी हवी. स्फीतीच्या शेवटी तशा उठल्या असतील का, हा खरा वादाचा मुद्दा.

उठल्या असतील, तर एखाद्या डोंगराएवढं वस्तुमान प्रोटॉनच्या आकारात मावलं असेल. त्याहून हलकी विवरं हॉकिंग प्रारणानं, म्हणजे ऊर्जा हळूहळू बाहेर झिरपून, केव्हाच विरून गेली असणार. लघुग्रहांच्या वजनाची मात्र अजून कुणाला नाकारता आलेली नाहीत. कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारं पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य, त्यांचंच असू शकेल. लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेनं २०१५ मध्ये पकडलेली सूर्याच्या २९ आणि ३६ पट वस्तुमानाची विवरंही त्यातलीच, असं काहींचं म्हणणं. मला ते पटत नाही. तेवढी ताऱ्यांतूनही होतात. सूर्याहून हलकं एक सापडू दे, मग बोलू. मेलेला तारा एवढं हलकं विवर मागे ठेवत नाही.