९० सेकंद कोणाची वाट बघतोय हा लॅपटॉप?

लिनक्स लॅपटॉप चालू व्हायला दोन-अडीच मिनिटं लागत असतील, तर त्यातला बराचसा वेळ तो नुसता बसून असतो. कुठल्या तरी डिस्कची, नेटवर्कची, कधी कधी तर आता नसलेल्याच पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागाची, वाट बघत. म्हणून वेळ वाचवायला ‘कोणकोणत्या सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्राम, बंद करू?’ हा प्रश्न मी नंतर घेते. आधी शोधायचं ते हे, की तो थांबलाय कोणासाठी.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका शाळेत गणित-विज्ञान शिकवते, संगणकाचे तासही माझ्याकडेच आहेत. तास ३५ मिनिटांचा. लॅपटॉप सगळे जुने, देणगीतून आलेले: तिसऱ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क. त्यांवर डेबियन १२ हे लिनक्स आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. हे यंत्र इतकं हलकं सॉफ्टवेअर अगदी व्यवस्थित चालवतं, आणि अजून पाच-सात वर्षं चालवेल असं माझं ठाम मत आहे. अडचण बॅटऱ्यांची. त्या सगळ्या संपल्यात. लॅपटॉप स्लीपमध्ये ठेवला तरी रॅमला वीज लागतेच, त्यामुळे पावसाळ्यात लाईट गेली की तो बंद पडतो आणि उघडी असलेली फाईल जाते. हायबरनेट केला तर रॅममधलं सगळं डिस्कवर लिहायचं आणि परत वाचायचं. जुन्या हार्ड डिस्कवर त्यात वेळ वाचत नाही. म्हणजे दर तासाला बटण दाबून पहिल्यापासून सुरुवात. अडीच मिनिटांत सातवीतलं मूल स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत मांजर चालवून दाखवतं. तो वेळ काळ्या पडद्याकडे बघण्यात जाऊ नये, एवढ्यासाठी मी या विषयाच्या मागे लागले.

पहिलं काम मोजण्याचं. टर्मिनल उघडून ‘सिस्टमडी-अ‍ॅनलाइज’ लिहिलं की एका ओळीत हिशेब मिळतो. (सिस्टमडी म्हणजे लॅपटॉप चालू होताना सगळ्या सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम.) युईएफआय, म्हणजे बायोसची नवी आवृत्ती, असलेल्या मशीनवर त्यात चार आकडे दिसतात: फर्मवेअर (मशीनचं स्वतःचं सॉफ्टवेअर), लोडर (लिनक्स डिस्कवरून उचलणारा प्रोग्राम), कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि युजरस्पेस (त्यानंतर सुरू होणारं बाकीचं सगळं). जुन्या बायोस पद्धतीने चालणाऱ्या आमच्या लॅपटॉपवर शेवटचे दोनच. एका लॅपटॉपने सांगितलं, कर्नल ३६ सेकंद, युजरस्पेस १ मिनिट ५८ सेकंद.

यातला कर्नलचा आकडा बघूनच शंका यायला हवी. एवढ्याशा लॅपटॉपच्या कर्नलला स्वतःचं हार्डवेअर ओळखायला ३६ सेकंद लागत नाहीत. पण डेबियनमध्ये इनिटरॅमएफएस, म्हणजे खरी डिस्क जोडली जाण्याआधी रॅममधून चालणारी छोटी तात्पुरती व्यवस्था, तिचा वेळही याच आकड्यात धरला जातो. तेव्हा ३० सेकंदांची गडबड बहुधा तिथे होती. ती डोळ्यांनी बघायची असेल तर ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला काय चालू करायचं ते विचारणाऱ्या लोडरच्या, मेनूवर ‘ई’ दाबा, लिनक्सच्या ओळीतला ‘क्वाएट’ हा शब्द काढा आणि कंट्रोल-एक्स दाबून पुढे जा. बदल तेवढ्या एका वेळेपुरताच राहतो. पडद्यावर संदेश सरकायला लागतात आणि ते कुठे अडतात हे लगेच दिसतं. आमच्याकडे ते दोनदा अडले. आधी सुमारे ३० सेकंद, आणि मग ‘सस्पेंड-रिझ्यूमचं डिव्हाइस मिळालं नाही, वाट बघणं सोडतो’ अशा अर्थाची ओळ आली. त्यानंतर लाल चांदण्या इकडून तिकडे सरकवणारी ती प्रसिद्ध ‘स्टार्ट जॉब’ची ओळ, जिच्यापुढे १ मिनिट ३० सेकंदांची मुदत लिहिलेली असते. ते ९० सेकंद म्हणजे सिस्टमडीने ठरवून दिलेली नेहमीची मुदत. डिस्क येईल म्हणून तो तेवढा वेळ थांबतो, आली नाही तर सोडून पुढे जातो.

दोन्हीकडे वाट बघितली जात होती ती एकाच स्वॅप पार्टिशनची. स्वॅप म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा; हायबरनेट करताना रॅममधलं सगळं तिथेच लिहिलं जातं. आमच्याकडे येण्याआधी कोणीतरी त्या लॅपटॉपवर डेबियनशेजारी दुसरं लिनक्स टाकलं होतं. नवं लिनक्स टाकताना इन्स्टॉलर अनेकदा असलेलंच स्वॅप फॉरमॅट करून वापरतो. फॉरमॅट केलं की त्या पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे त्याचा लांबलचक ओळखक्रमांक, बदलतो. डेबियनच्या दप्तरी मात्र जुनाच क्रमांक राहतो, तोही दोन ठिकाणी. एक इटीसी फोल्डरमधल्या एफएसटॅब फाईलमध्ये (चालू होताना काय काय जोडायचं याची यादी) आणि दुसरा इनिटरॅमएफएस-टूल्सच्या कॉन्फ-डी फोल्डरमधल्या ‘रिझ्यूम’ नावाच्या फाईलमध्ये. इंटरनेटवर बरेच जण पहिलीच जागा सांगतात. तेवढीच दुरुस्त केली तर ९० सेकंद जातात, पण ३० सेकंद तसेच राहतात आणि माणूस चक्रावतो.

उपाय पाच मिनिटांचा आहे. ‘सुडो बीएलकेआयडी’ने स्वॅपचा आजचा क्रमांक बघायचा, एफएसटॅबची एक प्रत काढून ठेवायची, मग दोन्ही फाईलींत नवा क्रमांक घालायचा. रूट पार्टिशनच्या, म्हणजे खुद्द लिनक्स ज्यावर आहे त्याच्या, ओळीला हात लावायचा नाही. हायबरनेट कधीच वापरायचं नसेल तर रिझ्यूमच्या फाईलमध्ये क्रमांकाच्या जागी ‘नन’ (none) लिहिलेलं चालतं. शेवटी ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ ही आज्ञा ‘उणे यू’ लावून द्यायची. ती विसरली तर रिझ्यूमचा बदल इनिटरॅमएफएसपर्यंत पोचतच नाही. एवढं केल्यावर त्या लॅपटॉपचा कर्नल ६ सेकंदांवर आला आणि युजरस्पेस ३२ वर. एकही सर्व्हिस बंद केलेली नव्हती.

असाच त्रास एफएसटॅबमध्ये लिहून ठेवलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कमुळे होतो. ती जोडलेली नसली की पुन्हा तेच ९० सेकंद. त्या ओळीच्या पर्यायांत ‘नोफेल’ हा शब्द घातला की डिस्क असो वा नसो, बूट, म्हणजे लॅपटॉप चालू होणं, तिच्यासाठी अडत नाही.

आता सर्व्हिसबद्दल. माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याने मला एक यादी पाठवली होती. ब्लूटूथ, कप्स, मोडेम-मॅनेजर, अवाही, सगळं बंद कर म्हणून.

“मावशी, ‘ब्लेम’मध्ये बघ ना, वरची सगळी नावं हीच आहेत.”

“अरे, पण यातल्या कोणासाठी लॉगिनचा पडदा थांबलाय ते सांग.”

‘सिस्टमडी-अ‍ॅनलाइज ब्लेम’ जास्तीत जास्त वेळ घेणाऱ्या सर्व्हिस वर दाखवतं हे खरं, पण त्या एकापाठोपाठ एक चालत नाहीत. २०१० मध्ये लेनार्ट पटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सिस्टमडी मांडलं, त्यामागचा एक मोठा हेतूच हा होता की सर्व्हिस शक्य तितक्या एकाच वेळी सुरू व्हाव्यात. त्यामुळे ब्लेममधले आकडे बेरजेचे नाहीत. शिवाय त्या यादीत ‘प्लायमाउथ-क्विट-वेट’सारखी नावं येतात, ज्यांचं कामच थांबून राहण्याचं आहे. बघायचं असतं ते ‘क्रिटिकल-चेन’. सहलीच्या दिवशी कोणाला घरी आवरायला किती वेळ लागला हे ब्लेम सांगतं. बस नक्की कोणासाठी थांबली होती हे क्रिटिकल-चेनमधून कळतं. आमच्या साखळीत ब्लूटूथ नव्हतं, मोडेम-मॅनेजरही नव्हता. मी त्यांना हात लावला नाही. कप्स तर हवंच होतं, नाहीतर ऑफिसातल्या प्रिंटरवर प्रश्नपत्रिका कशा काढायच्या?

भाच्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर मात्र एक सर्व्हिस खरोखर नको असताना चालू होत होती, ती डॉकर, म्हणजे प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत चालवण्याची सोय. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी घेतलेली. तिथे ‘डॉकर डॉट सर्व्हिस’ डिसेबल करून ‘डॉकर डॉट सॉकेट’ चालू ठेवलं. मग डॉकरची पहिली आज्ञा दिली की तेव्हाच ते सुरू होतं, बूटच्या वेळी नाही. बंद करण्यापेक्षा ही पद्धत मला कितीतरी बरी वाटते, कारण गरज पडेल तेव्हा वस्तू हाताशी असते.

नेटवर्कची गोष्ट थोडी फसवी आहे. ‘नेटवर्क-मॅनेजर-वेट-ऑनलाइन’ ही सर्व्हिस अनेकांच्या यादीत सगळ्यात वर दिसते आणि ती बंद करा असा सल्ला सर्रास मिळतो. आमचा वायफाय राउटर मुख्याध्यापकांच्या खोलीत, प्रयोगशाळा मैदानापलीकडे, तेव्हा आमच्याकडे ती चांगलीच रेंगाळायची. पण साध्या घरगुती लॅपटॉपवर लॉगिनचा पडदा सहसा तिच्यासाठी थांबत नाही. तो आधीच आलेला असतो, मागे ती नेटवर्कची वाट बघत असते. बंद केली तर एकूण आकडा छान दिसतो, समोर बसलेल्या मुलाला मात्र एक सेकंदही आधी काम करता येत नाही. अपवाद नेटवर्कवरचं फोल्डर एफएसटॅबमधून जोडलेलं असण्याचा. तेव्हा लॉगिनदेखील त्याच्या मागे अडकतं. अशा वेळी त्या ओळीत सिस्टमडीचा ‘ऑटोमाउंट’ पर्याय घालावा, म्हणजे कोणी ते फोल्डर उघडेल तेव्हाच ते जोडलं जातं.

आकडा आणि अनुभव यांतला हा फरक जुन्या मंडळींनी फार नीट ओळखला होता. सप्टेंबर २००८ मध्ये पोर्टलँडला झालेल्या लिनक्स प्लंबर्स कॉन्फरन्समध्ये इंटेलच्या आर्यान व्हान द व्हेन आणि ऑके कोक यांनी असूसचा छोटासा ईई-पीसी पाच सेकंदांत चालू करून दाखवला. त्यांनी आधी वेळ वाटून दिला होता: कर्नलला एक सेकंद, सुरुवातीच्या तयारीला एक, ग्राफिक्सच्या एक्स सर्व्हरला एक आणि डेस्कटॉपला दोन. आणि बूट ‘झाला’ कधी म्हणायचं, तर प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही शांत झाल्यावर. मला ही व्याख्या फार पटते. सिस्टमडीचा आकडा लॉगिननंतर काय चालतं ते मोजत नाही. आमच्या एक्सएफसीईमध्ये ‘सेशन अँड स्टार्टअप’ उघडून आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींमधून अपडेटची सूचना देणारा आणि ब्लूटूथचं चिन्ह दाखवणारा असे दोन प्रोग्राम काढले, त्याचा फायदा कुठल्याही आकड्यात दिसला नाही, पण मुलांना तो लगेच जाणवला.

वाट बघण्याचं याहून विलक्षण उदाहरण २०१९ मधलं आहे. कर्नल ५.३ तयार होत असताना एक्स्ट-४ या फाईल सिस्टममध्ये, म्हणजे डिस्कवर फाईली मांडण्याच्या पद्धतीत, चांगली सुधारणा झाली आणि बूटच्या वेळी डिस्कचं वाचन कमी झालं. त्यामुळे काही मशीन चालूच होईनात. यादृच्छिक संख्या तयार करायला कर्नल तेव्हा डिस्कच्या हालचालींतली अनियमितता वापरत असे. डिस्क शांत, म्हणून अनियमितता अपुरी, म्हणून अशा संख्येची वाट बघत लॉगिनचा प्रोग्राम थांबलेला, आणि तो थांबलाय म्हणून डिस्क अजूनच शांत. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी ५.३ साठी ती सुधारणाच मागे घेतली आणि ५.४ मध्ये अनियमितता गोळा करण्याची वेगळी सोय केली. वेगवान झालेल्या डिस्कमुळे बूट अडावा, ही गोष्ट मी नववीच्या मुलांना सांगते तेव्हा वर्ग एकदम शांत होतो आणि मग प्रश्नांचा पाऊस पडतो.

वाट बघणं संपल्यावर जो वेळ उरतो तो मात्र खऱ्या कामाचा, आणि तिथे हार्ड डिस्क बदलण्याला पर्याय नाही. मिनिटाला ५४०० फेऱ्या म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. हवा असलेला भाग डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, त्याशिवाय डोकं तिथपर्यंत सरकायला आणखी वेळ. बूटमध्ये हजारो लहान फाईली वाचायच्या असतात. एसएसडीला, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कला, यातलं काहीच करावं लागत नाही. माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या २४० जीबीच्या साटा एसएसडी बसवल्यावर आमचा युजरस्पेस ९ सेकंदांवर आला. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करता येत असतील तर रॅमच्याही आधी हे करा, असं मी प्रत्येक शाळेला सांगेन. फक्त नव्या डिस्कवर पार्टिशन नव्याने केली असतील तर क्रमांक पुन्हा बदललेले असतात, तेव्हा वरचं एफएसटॅबचं काम पुन्हा बघून घ्या.

ग्रबचा मेनू डेबियनमध्ये ५ सेकंद थांबतो. मी तो १ वर आणलाय, शून्यावर नाही, कारण नवं कर्नल रुसलं तर जुनं निवडायला तेवढी फट लागते. इटीसीच्या डीफॉल्ट फोल्डरमधल्या ग्रब फाईलमध्ये टाइमआउट बदलायचा आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवायचं. प्रयोगशाळेतल्या डेस्कटॉपना बायोसमध्ये नेटवर्कवरून बूट हा पहिला पर्याय लावलेला निघाला. दर वेळी ते आधी नेटवर्कवर सर्व्हर शोधत बसायचे. तो पर्याय बंद केला.

एक सल्ला मात्र मी कधीच घेत नाही, तो म्हणजे बूटच्या वेळची एफएससीके, म्हणजे फाईल सिस्टम धड आहे ना याची, तपासणी वगळण्याचा. सेकंद वाचवण्याच्या याद्यांत तो हमखास असतो. ज्यांच्याकडे बॅटरी धड आहे आणि वीज जात नाही, त्यांचं कदाचित निभावेल. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये चालू तासात लाईट जाते आणि सगळे लॅपटॉप एकदम विझतात. एक्स्ट-४ चं जर्नल पुढच्या वेळी अर्धवट राहिलेलं लिखाण जुळवून घेतं, एरवी तपासणी क्षणात संपते, आणि खरंच काही बिघडलं असेल तर ते तिथेच सापडतं. दहावीच्या मुलांचे प्रकल्प याच डिस्कवर आहेत.