सहा महिने सुट्टी कशाला?

मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिकवते. माहेर ऊसतोडीचं आहे हे कुणाला कळलं की फिरून फिरून एकच प्रश्न येतो. कुणी गमतीत विचारतं, कुणी खवचटपणे. "तुमच्याकडच्या बायका फडात बाळंत होतात आणि चौथ्या दिवशी कोयता धरतात. मग मॅडम, तुम्हाला 180 दिवस सुट्टी कशाला?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

चौथ्या नव्हे, सहाव्या दिवशी. आईला विचारलंय मी. माझा जन्म जानेवारीतला, सांगलीकडं, कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत. कोपीत माणसाला धड उभं राहता येत नाही. टोळीतल्या एका म्हातारीनं आईला सोडवलं. नाळ कशानं कापली ते आई सांगत नाही. "पाणी तापवलं होतं," एवढंच म्हणते.

टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाच्या आधी मुकादम, म्हणजे कारखान्याला टोळी पुरवणारा, उचल (आगाऊ पैसे) देतो ती कोयत्याला, आणि मोजून घेतो नवरा. पैसे घेताना आई तिथं नव्हती. फेडायची मात्र दोघांनी. बाई बसली की कोयता अर्धा, खाडा पडला की त्याचे पैसे उचलीवर चढणार. वडील ऊस तोडायचे, आई पाचट काढून मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. आठव्या महिन्यात फळीवर पाय ठेवताना फळी दिसतच नाही, पोट मध्ये येतं. पायानं चाचपत जायचं. हे तिनं मला कधी सांगितलं, तर माझ्याच आठव्या महिन्यात, मी शाळेचा जिना कठडा धरून उतरत होते तेव्हा. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या त्याही तिनंच. वडील वाईट नव्हते, आजारपणात रात्र-रात्र जागायचे. पण चूल काही त्यांच्या अर्ध्या कोयत्यात येत नव्हती.

"लोक म्हणतात तुम्ही लई चिवट," मी एकदा म्हणाले.

"चिवट कशाची माय. मुकादम कोपीच्या तोंडाशी येऊन बसायचा."

2019 साली आमच्याकडं कॅमेरे आले. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्यांनी बीडचं नाव देशभर झालं होतं. सरकारनं आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82 हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली, त्यात 13 हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. बातमी व्हायलाच हवी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्या गावात एका चॅनलवाल्यानं पारावर, चार बाप्यांच्या देखत, आईला विचारलं, "तुमची पिशवी आहे का काढली?" मग म्हणाला, कोयता हातात घेऊन उभ्या राहा. महिना जूनचा, शिवारात ऊस नाही. ती अंगणात कोयता धरून उभी राहिली. किती बाळंतपणं फडात झाली, हे त्यानं विचारलंच नाही.

पाच वर्षांनी मी गरोदर होते. 20 मे 2024 ला गरोदर दीपिका पदुकोण मुंबईत मतदानाला आली, त्याच आठवड्यात अंबाजोगाईच्या एका मंगल कार्यालयात माझं डोहाळजेवण. बहिणी मोबाइलवर तिचा फोटो बोटांनी मोठा करून बघत होत्या. "खोटं पोट हाय, उशी बांधलीय." तेव्हा अर्धा देश हेच म्हणत होता. खोटं कशाला बोलू, मीही फोन हातात घेऊन नीट बघितलं. एवढा पैसा, एवढी माणसं दिमतीला, तरी त्या बाईला पोटाचा पुरावा मागणारे होतेच. तेवढ्यात आत्यानं माझ्या पोटाकडं बघून निकाल दिला, "टोकदार आहे, मुलगाच." सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. 2011 च्या जनगणनेत ज्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं 807 मुली निघाल्या, तिथं असं बोलणं मला गंमत वाटत नाही.

फोटोग्राफर मला फुलांच्या झोपाळ्यावर बसवून सांगत होता, "ताई, दोन्ही हात पोटावर. साहेब, तुम्ही मागून वाका, प्रेमानं बघा." साहेब वाकले. कंबर धरल्यावर सरळ झाले.

आता तुमचा प्रश्न. माझी सुट्टी 180 दिवसांची, कारण माझं नाव हजेरीपटावर आहे. कारखान्याच्या वहीत मुकादमाचं नाव होतं, मुकादमाच्या वहीत वडिलांचं. आईचं कुठंच नव्हतं. प्रसूती लाभाचा कायदा 1961 साली आला, 2017 साली त्यात 26 आठवडे पगारी रजा झाली. पण रजा मागायला मालक लागतो. कारखाना मुकादमाकडं बोट दाखवतो, मुकादम उचलीच्या वहीकडं. अंगणवाडीतून मातृवंदना योजनेचे पाच हजार मिळतात, तर माझ्या भावजयीचं कार्ड गावात आणि ती तोडीला कर्नाटकात. तेव्हा प्रश्न विचारा, पण त्याचा पत्ता माझा नाही.

सुट्टीत आई माझ्याकडं येऊन राहिली होती. डोहाळजेवणाचा अल्बम तेव्हाच आला. तिनं सावकाश पान-पान बघितलं. तिच्या गरोदरपणाचा एकही फोटो नाही.

"कितीला पडला?"

"बारा हजार."

त्या वर्षी जानेवारीत तोडणीचा दर वाढून टनाला 366 रुपये झाला होता. तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली, तोवर मी मोबाइलवर हिशेब केला. जवळपास 33 टन.

"म्हणजे दोघांचे पंधरा-सोळा दिवस," मी म्हणाले.

"खाडा नाही पडला तर," आई म्हणाली.